शाळेसाठी घेतलेलं मानवी धडाचं मॉडेल : आतडी शिकवताना किती उपयोगी पडतं?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. सातवीच्या सामान्य विज्ञानात ‘मानवी स्नायू व पचनसंस्था’ हा पाठ आहे. तो नुसत्या फळ्यावरच्या आकृतीने शिकवून होत नाही, असं माझं पक्कं मत आहे. आकृतीत आतडी म्हणजे एक गुंतलेली रेघ असते. मुलं ती वहीत उतरवतात, बाण काढून नावं देतात, गुणही मिळवतात; पण सकाळी खाल्लेली भाकर रक्तात कशी गेली, असं विचारलं की खाली बघतात. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घेऊन आम्ही मानवी धडाचं मॉडेल मागवलं आणि त्याच्यासोबत आतड्याच्या आतल्या रसांकुरांचा, म्हणजे अन्नरस शोषून घेणाऱ्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांचा, उठावाचा बोर्ड घेतला. काही पैसे शाळेच्या अनुदानातले, बाकीचे गावच्या वर्गणीतले. कापूस विकला गेल्यावर लोकांनी शाळेत आणून दिले. लोकांच्या घामाचा पैसा गेला आहे आणि आसपासच्या शाळांतले शिक्षक फोन करून विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी वस्तूबद्दल. धड ८५ सेंटिमीटर उंच आहे, डोक्यापासून ओटीपोटापर्यंत. पीव्हीसीचं बनवलेलं, वीसेक सुटे भाग. नागपूरच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून घेतलं, माल अंबाल्याचा. हरयाणातलं हे शहर प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी नावाजलेलं आहे आणि आपल्याकडच्या शाळांत येणाऱ्या कितीतरी वस्तू तिथूनच निघतात. धड सात हजारांच्या आत आणि बोर्ड दोन हजारांच्या आत पडला. ट्रान्सपोर्टने दारव्ह्यापर्यंत आलं, तिथून ऑटोने गावात. खोक्यात भुसभुशीत फोम भरपूर होता, काही फुटलं नाही.

रंग पक्के आहेत, ओल्या फडक्याने पुसलं तरी उतरत नाहीत. भाग एकमेकांत बसवायला खुंट्या आहेत. यकृताची खुंटी मुळातच सैल होती, मुलांनी काढता-घालता आणखी सैल झाली. दुकानात फोटो पाठवला, बदलून देतो म्हणाले, ती अजून यायची आहे. अपेंडिक्सची शेपटी फारच बारीक आणि ताठ केलेली आहे. ती मुलांच्या हाती मोडणार हे दिसत होतं, म्हणून मी तिच्याभोवती पहिल्याच दिवशी पारदर्शक टेप गुंडाळली. भागांवर नुसते आकडे आहेत आणि आकड्यांची यादी इंग्रजीत. महाराष्ट्रातल्या सरकारी शाळांना माल विकायचा तर मराठी यादीचं एक पान छापायला काय जातं? मी पाठ्यपुस्तकातली नावं लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या आणि त्या आता वस्तूचाच भाग झाल्या आहेत. हृदय, फुप्फुसं, मेंदू हे भाग ठीक आहेत. त्यांच्याबद्दल वेगळं सांगावं असं काही नाही.

माझा मुख्य आक्षेप आतड्याबद्दल आहे. जठर सुटं निघतं, मधोमध उघडतं, आतल्या घड्या बोटाला लागतात. लहान आतडं मात्र एकाच साच्यातून काढलेला भरीव गोळा. वरून वळणं कोरलेली, गुलाबी रंग दिला, संपलं. ते उलगडत नाही, उघडत नाही. हे पाहून मुलांची समजूत अशी होते की अन्न पचतं ते जठरात, आणि आतडी म्हणजे बाहेर जायची वाट. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. जठर अन्न साठवतं, घुसळतं, आम्लाच्या साहाय्याने प्रथिनं तोडायला सुरुवात करतं. पण आजारामुळे पूर्ण जठर काढून टाकलेली माणसंही थोडं थोडं खाऊन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेऊन जगतात. लहान आतडं सगळंच गेलं तर तोंडाने कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही, शिरेतून पोषण द्यावं लागतं. ज्या अवयवावर सगळं अवलंबून, त्यालाच या मॉडेलमध्ये गोळा करून ठेवलं आहे. बनवणाऱ्यांनी मनावर घेतलं तर मऊ रबराची नळी घडी घालून बसवता येईल, काढता येईल. त्यासाठी पाचशे रुपये जास्त द्यायला कोणतीही शाळा तयार होईल.

तोपर्यंत लहान आतड्याची लांबी दाखवायला आमच्याकडे कासरे, म्हणजे बैलांचे दोर, आहेत. पोळ्याला घेतलेले नवे कासरे बहुतेक घरी असतात. मुलांना ते आणायला सांगितलं. शाळेच्या वऱ्हांड्यात सहा मीटर मोजून एक कासरा आखला. पहिल्या २५ सेंटिमीटरला तांबडी चिंधी बांधली, ते आद्यांत्र. उरलेल्यापैकी पाचातले दोन भाग मध्यांत्र, तीन भाग शेषांत्र, त्यांना वेगळ्या चिंध्या. पुढे दीड मीटरचा जाड दोर जोडला, तो मोठ्या आतड्याचा. मग एका मुलाला त्याच्या शेजारी झोपवलं. एक मुलगी कितीतरी वेळ नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, एवढं लांबलचक पोटात मावते कसं जी?” तिला तोच कासरा मॉडेलच्या पोटाच्या पोकळीत भरायला दिला. तो भरताना वळणं आपोआप पडत गेली, आणि गोळ्यावर कोरलेल्या रेघा कशाच्या आहेत हे कुणाला सांगावं लागलं नाही.

सहा मीटर हा आकडा पुस्तकांत असतो तो मुख्यतः मृत शरीरांवरच्या मोजणीतून आला आहे. जिवंत माणसात आतड्याचे स्नायू ताठ असतात, म्हणून लांबी बरीच कमी भरते. शिवाय माणसामाणसांतही पुष्कळ फरक असतो. हे मी मुलांना मुद्दाम सांगते, नाहीतर आकडा पाठ होतो आणि आतडं म्हणजे पाण्याचा पाइप वाटायला लागतं. ते सतत हलणारं आहे. अन्नाच्या मागची बाजू आवळते, पुढची सैल पडते आणि घास पुढे सरकतो. मधूनमधून ते जागच्या जागीच आकुंचन पावून रस आणि अन्न कालवतं. सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये तेल लावलेली गोटी घालून मुलांना ती बोटांनी दाबत पुढे न्यायला लावली. असं काही ना काही जोडीला लागतंच. प्लॅस्टिकच्या भरीव गोळ्यात हालचाल दाखवणं शक्य नाही.

आता चांगली बाजू. आतड्याचा गोळा काढला की मागच्या भिंतीवर आद्यांत्र आणि त्याच्या वळणात बसलेलं स्वादुपिंड दिसतं. ही जागा बनवणाऱ्याने खरोखर समजून केली आहे. पित्ताशयाकडून येणारी हिरवी नळी आणि स्वादुपिंडाची पिवळी नळी एकाच छोट्या छिद्रापाशी आद्यांत्रात उघडताना दाखवली आहे. कित्येक तक्त्यांमध्ये या दोन नळ्या कुठेतरी जाऊन संपतात. इथे बोट ठेवून सांगता येतं. जठरातून आंबट, अर्धवट पचलेला लगदा इथे येतो. स्वादुपिंडाचा रस त्याचा आंबटपणा मारतो, आणि त्याच रसातली विकरं (एन्झाइम) भाकरीतलं पिष्ट, वरणातली प्रथिनं आणि फोडणीचं तेल या तिन्हींवर काम करतात. पित्तात पचवणारं विकर नसतं. ते तेलाचे बारीक बारीक थेंब करून देतं, मग विकरांना ते तोडता येतात. मुलांना हे दाखवायला दोन ग्लास पाणी, थोडं तेल आणि भांडी घासायचा साबण पुरतो.

लगदा आला आहे हे स्वादुपिंडाला कळतं कसं, हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो. त्याचं उत्तर शोधणारा प्रयोग १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी केला. कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा मज्जातंतूंपासून तोडून वेगळा केला आणि त्यात आम्ल घातलं. तरीही स्वादुपिंडातून रस आला. म्हणजे निरोप मज्जातंतूंनी गेला नव्हता, रक्तातून गेला होता. आतड्याच्या अस्तरातून निघणाऱ्या त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं. संप्रेरक (हार्मोन) म्हणून ओळखला गेलेला हा पहिलाच पदार्थ. संप्रेरकं म्हटली की मुलांना वाढीची, वयात येण्याची आठवतात. त्या विद्येची सुरुवात आतड्यापासून झाली, हे कळल्यावर वर्गातली मुलं त्या गुलाबी गोळ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. मला तर हा प्रयोग सांगताना दरवेळी आनंद होतो.

रसांकुरांच्या बोर्डाबद्दल जास्त लिहायचं आहे, कारण पैसे वसूल झाले असतील तर ते यानेच. बोर्डावर लहान आतड्याच्या भिंतीचा काप आहे: बाहेर स्नायूंचे दोन थर, आत अस्तर, अस्तरावर उभे राहिलेले रसांकुर. त्यातला एक चिरून दाखवला आहे. आत तांबड्या-निळ्या केशवाहिन्यांचं, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं, जाळं आणि मधोमध लसिका हा द्रव वाहून नेणारी पिवळी लसिकावाहिनी. रसांकुर अंगठ्याएवढे जाड केले आहेत आणि किती पट मोठे केले हे कुठेच लिहिलेलं नाही, ही मोठी उणीव. खरा रसांकुर अर्धा ते एक मिलिमीटरचा असतो. मी बोर्डाच्या कोपऱ्यात तेवढी रेघ काढून ठेवली आहे. त्याच्या प्रत्येक पेशीवर आणखी सूक्ष्म रसांकुर असतात, ते या बोर्डावर नाहीत.

अस्तराच्या घड्या, रसांकुर आणि सूक्ष्म रसांकुर मिळून आतड्याचं आतलं क्षेत्रफळ किती होतं? पुष्कळ पुस्तकांत टेनिसच्या मैदानाएवढं असं छापलेलं असतं. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्याने मोजणी केली, तेव्हा संपूर्ण अन्नमार्गाचं आतलं क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर निघालं आणि त्यातलं बहुतेक लहान आतड्याचं. आमची विज्ञानाची खोली सहा बाय पाच मीटर आहे. मुलांनी टेप लावून ती मोजली, गुणाकार केला आणि ३० आले. मग सगळे फरशीकडे बघायला लागले. एवढी जागा प्रत्येकाच्या पोटात आहे, आणि तिच्यावरच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. शरीरात इतक्या झपाट्याने बदलणारं अस्तर फार थोड्या जागी आहे. त्या नव्या पेशी बनवायलाही खाल्लेल्यातूनच सामान लागतं.

बोर्डावरून मी भाकरीचा प्रवास सांगते. ज्वारीच्या पिष्टाचं ग्लुकोज होतं, तुरीच्या प्रथिनांची अमिनो आम्लं होतात. ती रसांकुरातल्या केशवाहिन्यांत शिरतात आणि तिथून एका मोठ्या शिरेने आधी यकृतात जातात. आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, यकृत ते आधी तपासून घेतं. तेलातले मेद मात्र बहुतांशी पिवळ्या लसिकावाहिनीत जातात आणि छातीतून वर चढून मानेच्या डाव्या बाजूला रक्तात मिसळतात. बोर्डावर हे दोन रस्ते जिथे सुरू होतात तिथपर्यंतच दिसतात. धडात आतडं ते यकृत ही शीर दाखवलेलीच नाही, आणि ती नसणं मला फार खटकतं. एवढा मुद्दा दाखवला असता तर दारूने, काविळीने यकृत खराब झालं की सगळं अंगच का खचतं, हे सांगायला सोपं गेलं असतं. आमच्या भागात हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. मी आता निळी लोकर चिकटवून ती शीर केली आहे.

बोर्ड कितीही चांगला असला तरी तो रंगवलेला आहे. म्हणून बाजाराच्या दिवशी खाटीकदादांना सांगून बकऱ्याच्या लहान आतड्याचा न खरवडलेला, ताजा तुकडा मागून घेतला. पालकांना आधी विचारलं होतं. माळकरी घरातल्या मुलांना हात लावायची सक्ती नव्हती, त्यांनी बोर्डावरून चित्रं काढली. तुकडा उभा चिरला, धुतला, स्टीलच्या ताटलीत पाणी घेऊन त्यात पसरला आणि भिंग दिलं. पाण्याखाली आतलं अस्तर मखमलीसारखं दिसतं. ताटली हलवली की रसांकुर डोलतात. त्याच्यासोबत आलेला पातळ, चरबीच्या रेघांचा पडदाही दाखवला. त्याच पडद्यातून रक्तवाहिन्या आतड्यापर्यंत येतात आणि तोच आतड्याला पाठीच्या भिंतीशी धरून ठेवतो. मॉडेलमध्ये हा पडदाही नाही. घरी बकरं कापताना ज्यांनी पाहिलं होतं ती मुलं पुढे होऊन इतरांना सांगत होती. एरवी मागच्या ओळीत बसणारा एक मुलगा त्या दिवशी वर्गाचा गुरुजी झाला होता. नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुतले आणि तुकडा खोल खड्ड्यात पुरला. ज्या शिक्षकांना हे करणं शक्य असेल त्यांनी करावंच. बोर्ड आधी आणि खरं आतडं नंतर दाखवलं तर मुलांना काय शोधायचं ते माहीत असतं.

या बोर्डाचा मी न ठरवता झालेला उपयोग पालक सभेत झाला. सभेला आलेल्या एका आजींनी तो हातात घेऊन विचारलं की हे काय आहे. मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “बाई, पयले लेकराले हगवन लागली का आमी पानी बंद करत होतो. पानी पेलं का आनखीन जाते म्हनत.” मी म्हटलं, “आजी, बसा, हेच दाखवते.” आपण दिवसभरात पितो ते पाणी आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा स्वतःचा रस असं सगळं मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. मी भरलेली बादली पुढे ठेवली होती. त्यातला बहुतेक सगळा आतडी परत शोषून घेतात. शौचावाटे जाताना शंभर-दोनशे मिलिलिटर उरतो, चहाच्या कपाएवढा. हगवण लागली की हा हिशेब बिघडतो, आणि लहान लेकराच्या अंगातलं पाणी काही तासांत आटतं.

तेव्हा सभेतल्या एका ताईने विचारलं, “मंग मीठ-पानी समजलं, साखर काहून टाकतात जी त्याच्यात?” हा प्रश्न मला फार आवडला, कारण ओआरएसचं सगळं मर्म त्यातच आहे. रसांकुरांच्या पेशींवर एक दार असं आहे की ज्यातून मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली ही जोडी मांडली. पटकीसारख्या (कॉलरा) आजारात पाणी धो-धो बाहेर जात असतानाही हे दार चालू राहतं. १९७१ साली बांगलादेशच्या लढ्यावेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं, नातेवाइकांकडून रुग्णांना पाजवलं आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आणलं. आज आशाताई देतात त्या पुडीत एक लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. पुडी मिळेपर्यंत घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर जास्त घातली तर उलटं पाणी आतड्यात ओढलं जातं, म्हणून अंदाजे टाकायचं नाही. आजींनी ते दोनदा म्हणून घेतलं.

जंताच्या गोळ्यांच्या वेळीही बोर्ड काढते. फेब्रुवारीत शाळेत अल्बेंडाझोल देतात तेव्हा मुलं नाक मुरडतात. अंकुशकृमी सेंटिमीटरभर लांबीचा असतो, लहान आतड्याच्या अस्तराला तोंडाने धरून राहतो आणि रक्त पितो. त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, आणि गिळली गेली की आतड्यात येते. बोर्डावरच्या रसांकुरांवर मी काळ्या दोऱ्याचा तुकडा ठेवून दाखवते. शेतात निंदायला जाणाऱ्या मुलींमध्ये रक्त कमी असण्याची कारणं अनेक आहेत, त्यातलं हे एक आपल्याला गोळीने आणि चपलेने टाळता येतं.

मोठ्या आतड्याकडे वळू. धडात ते लहान आतड्याच्या गोळ्याला चिकटलेलं आहे, सुटं निघत नाही. पण उजवीकडे खाली जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे एक छोटी खिडकी कापून आतली झडप दाखवली आहे. ही खिडकी पाहून मी खूश झाले. इथून पुढे गेलेलं सहसा मागे येत नाही. रोज साधारण दीड लिटर पातळ द्रव इथे पोहोचतो, त्यातलं पाणी आणि क्षार शोषले जातात. लहान आतड्यातून अन्न काही तासांत पार होतं, इथे मात्र दिवस-दीड दिवस, कधी त्याहून जास्त राहतं. आणि इथे जिवाणूंची प्रचंड वस्ती असते. ज्वारीच्या कोंड्यातला, अंबाडीच्या भाजीतला, हरभऱ्यातला जो चोथा आपली विकरं पचवू शकत नाहीत, त्यातला बराचसा हे जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारी काही आम्लं मोठ्या आतड्याच्या पेशी इंधन म्हणून वापरतात, के जीवनसत्त्वही थोडं बनतं, आणि वायूही होतो. वायूवर वर्ग हसतो, मी हसू देते, मग विचारते की डाळ-उसळ खाल्ल्यावरच तो जास्त का होतो. शाळेत पोषण आहारात मटकीची उसळ असते, त्यामुळे उत्तर त्यांच्या अनुभवातलं असतं.

चोथ्याबद्दल मला घरोघरी सांगावंसं वाटतं. आमच्या भागात भाकर मागे पडून पोळी आणि पांढरा भात पुढे आला आहे, आणि लहान मुलांच्या हातात सकाळीच पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट असतं. सकाळी शाळेत पोट दुखतं म्हणून रडणाऱ्या लेकरांना मी आधी शौचाला कधी गेला होतास, हे विचारते. कित्येकदा उत्तर तीन-चार दिवसांपूर्वीचं असतं. पाणी कमी, चोथा नाही, आणि शाळेत संडासला जायची लाज. मल मोठ्या आतड्यात पडून राहतो, आणखी पाणी शोषलं जातं, खडा होतो. हे धडावर बोट फिरवून दाखवलं की मुलं मनातलं बोलतात. दुखणं उजवीकडे खाली सरकलं, ताप आला, उलटी झाली तर मात्र मी घरी निरोप पाठवून सरळ दवाखान्यात न्यायला लावते. टेप गुंडाळलेली ती अपेंडिक्सची शेपटी कुठे आहे हे मुलांना माहीत आहे आणि त्यांच्या घरच्यांनाही मी ती दाखवून ठेवली आहे.

घ्यावं का? पट मोठा असेल आणि हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं सगळंच एका वस्तूत हवं असेल तर धड घ्यावं. पण घेण्याआधी दुकानात तीन गोष्टी उघडून बघा: खुंट्या घट्ट आहेत का, आद्यांत्रात दोन नळ्या उघडताना दिसतात का, आणि मोठ्या आतड्यावर खिडकी आहे का. याहून स्वस्त धडं मिळतात, त्यांत स्वादुपिंड नुसतं रंगवलेलं असतं. ती घेऊ नका. पैसे कमी असतील तर धडाच्या मागे लागू नका, रसांकुरांचा बोर्ड एकटा घ्या. तो सुटा मिळतो, मी दुकानात विचारून खात्री केली आहे; फक्त मागताना लहान आतड्याच्या भिंतीचा काप असलेला असं स्पष्ट सांगा, कारण त्याच आकाराचा जठराच्या भिंतीचाही बोर्ड येतो आणि दुकानदार हाताला लागेल तो बांधून देतात. मराठी चिठ्ठ्यांचा कागद मी करून ठेवला आहे, ज्यांनी हेच मॉडेल घेतलं असेल त्यांनी खाली लिहावं, पाठवते.